राघोबाकाकांचं भूत

बसवकल्याणात भुताला कुणी भीत नाही, हे प्रेमानंदला फार उशिरा कळलं. तोवर त्याचं भुताचं पुस्तक काढून झालं होतं.

भीत नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. भितात, पण ओळख ठेवून. कुठल्या चिंचेवर कोण आहे, तो कुणाच्या घरातला, कशानं गेला, जिवंतपणी त्याला धपाटे आवडायचे की शेंगाची पोळी, एवढी माहिती गावाला असली की घाबरायला फारशी जागा उरत नाही. अमावास्येला लोक त्या बाजूनं जाणं टाळतात ते भीतीपोटी कमी आणि भेटला तर बोलत थांबावं लागेल म्हणून जास्त, असं प्रेमानंदचं मत झालं होतं.

प्रेमानंद वीज कार्यालयात कारकून. दिवसभर खिडकीत बसून बिलाच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी टॅबवर भुतं काढायची, हा त्याचा नेम. त्याची बायको संध्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिच्या मते दोन्ही कामांत फरक एवढाच होता, की संध्याकाळची भुतं खिडकीवर हात आपटत नाहीत.

मोठ्या प्रकाशकाच्या दारात न जाता स्वतःच चित्रकथा काढून, स्वतःच छापून, स्वतःच विकणारी एक जमात असते. भुतं, राक्षस, चेटूक, कवट्या आणि मरणावरचे विनोद हा त्यांचा माल. पुण्यात अशा लोकांचा मेळा भरणार होता आणि प्रेमानंदला त्यात अर्धं टेबल मिळालं होतं. उरलेलं अर्धं नागपूरच्या एका मुलीला. ती आतडी फार सुंदर काढते, अशी तिची ख्याती होती. प्रेमानंदची नमुन्याची पानं पाहून आयोजकांनी टेबल दिल्याचं कळवलं आणि शेवटी एक वाक्य जोडलं, 'चित्रं गोड आहेत.'

हा शब्द त्याला लागला. माणूस मान मोडेपर्यंत वाकून मसणवटा काढतो आणि पुण्याहून उत्तर येतं, गोड. त्या दिवशी त्यानं ठरवलं की प्रती खपोत न खपोत, या पुस्तकानं एका तरी वाचकाची गाळण उडाली पाहिजे. फार जणांची नको. एक पुरे. पण तो खरा घाबरला पाहिजे, हसता हसता त्याचा घसा कोरडा पडला पाहिजे.

पुस्तकाचं नाव 'उतरलेलं भूत'. अंगात आलेली भुतं उतरवायला लोक गाणगापूरला जातात. माणूस बरा होऊन घरी परततो. पण उतरलेल्या भुतानं जायचं कुठं, याचा विचार आजवर कुणी केला नव्हता. प्रेमानंदनं केला. त्याचं भूत सोलापूरच्या एका सुनेच्या अंगातून उतरतं आणि बसस्टँडवर बेवारस उभं राहतं. गावी जायला बस तयार असते. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, पण हे पडलं पुरुषाचं भूत. कंडक्टर म्हणतो, "जित्ता असशील तर तिकीट काढ, मेला असशील तर लगेज." भूत थोडा विचार करून लगेज होतं आणि तुरीच्या पोत्यांवर बसून गावाकडे निघतं. पुढे गावात त्याचं काय होतं, तो पुस्तकाचा शेवट.

आता या भुताला चेहरा हवा होता. प्रेमानंदनं दात सुळे करून पाहिले, डोळे खोबणीत ढकलून पाहिले. सगळे चेहरे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखे दिसायला लागले. शेवटी चेहरा शेजारीच सापडला. राघोबाकाका बाजार समितीतून निवृत्त झाल्यापासून घरापुढच्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडे बघत. त्यांच्या बघण्यात एक स्थिर नापसंती होती. भाजीवाला, शाळेची रिक्षा, कुत्री, पाऊस, सगळ्यांकडे ते सारखंच बघत आणि बराच वेळ पापणी लवू देत नसत. एका रविवारी प्रेमानंदनं विचारलं, "काका, तुमचं चित्र काढू का?" ते म्हणाले, "काढ की." कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. आपलं चित्र काढायला वेगळं कारण लागतं, असं त्यांना वाटत नव्हतं. आत जाऊन जरीची टोपी घालून आले आणि चहा येईपर्यंत हलले नाहीत.

प्रेमानंदनंही कारण सांगितलं नाही. ते सांगायचं राहून गेलं, असं त्याचं म्हणणं. संध्याचं म्हणणं असं, की राहून गेलेल्या गोष्टी पाय उलटे करून पानापानावर येऊन बसत नाहीत.

पुस्तक पुरं झाल्यावर ते पहिल्यांदा तिनंच वाचलं. शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि सांगितलं की मागच्या सांगाड्याच्या बरगड्या कमी भरतात, शिवाय कोपराचा सांधा चुकीच्या बाजूला वाकलाय. उलटं पाऊल भुताचं असतं, कोपर नव्हे. "आणि काकांना आधी विचारा," एवढं म्हणून ती उत्तरपत्रिका तपासायला बसली.

मग त्याची आई सरुबाई. तिनं चष्मा लावला, पानं लांब धरली आणि म्हणाली, "हा तर राघोबा की रे." मग पाय दिसले. सरुबाईनं चष्मा काढला.

"बाबासाहेबांनी आपल्या घरातली भुतंखेतं भायेर काढली. तू त्यास्नी रंग देऊन परत आत आणायलास. कामून?"

प्रेमानंदनं समजावलं की माय, ही भुतं खोटी आहेत, कलेतली आहेत, यांच्यावर कुणी विश्वास ठेवायचा नसतो.

"मंग खऱ्या माणसाचं तोंड कामून लावलास?"

कलेच्या इतिहासात याला उत्तर असेलही. प्रेमानंदनं पानं आवरून घेतली.

कार्यालयात निकाल आणखी वाईट लागला. शेजारच्या टेबलावरचा नागेंद्र पहिल्याच चित्राला थांबला आणि म्हणाला, हे बाजार समितीतले ना? आमच्या तुरीत ओल आहे म्हणून यांनी गाडी परत पाठवली होती. मग त्यानं ते भूत बसस्टँडवर ताटकळतानाची पानं पुन्हा पुन्हा पाहिली, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही, उलट फार दिवसांनी न्याय मिळाल्यासारखं समाधान. जाताना पुस्तक चांगलं आहे म्हणाला.

राघोबाकाकांच्या पत्नी सुशीलाबाई यांना चित्रं दाखवायची सोय नव्हती, पण सल्ला विचारायला हरकत नव्हती. त्या तूर निवडत होत्या. त्यांनी सांगितलं की नणंदेच्या अंगात आलं होतं तेव्हा ते कन्नडमध्ये बोलायचं आणि नणंदेला तर कन्नडचं अक्षर येत नव्हतं, म्हणून घरदार भ्यालं. मराठी घरात भूत कन्नड बोलतं, कन्नड घरात मराठी. घरच्याच भाषेत बोललं तर लोकांना ते दुखणं वाटतं. हे प्रेमानंदला पटलं. त्यानं भुताचं सगळं बोलणं कन्नडमध्ये केलं. मग पुण्याच्या लोकांसाठी खाली मराठी लिहिलं. मग पानावर इतकी अक्षरं झाली की भूत कोपऱ्यात अंग चोरून उभं राहिलं आणि आधीपेक्षाही गोड दिसायला लागलं. ते सगळं पुसून पुन्हा पहिल्यासारखं करण्यात त्याचे कित्येक दिवस गेले.

छपाई सुनीलकुमारच्या दुकानात. तिथं लग्नपत्रिका, ओळखपत्रं आणि बॅनर छापली जातात. यंत्र मोकळं असलं की पुस्तकही. सुनीलकुमारला पुस्तकाचं काही वाटलं नाही, पण बॅनर नाही म्हटल्यावर तो हळहळला. ज्याचं चौकात बॅनर नाही, ते झालंच नाही असं इथं धरतात. तो म्हणाला, एक बॅनर माझ्याकडनं, सर. तुम्ही फक्त परवानगी आणा.

परवानगीच्या कचेरीत प्रेमानंदला विचारण्यात आलं की बॅनर वाढदिवसाचं, लग्नाचं, धार्मिक की राजकीय. त्यानं सांगितलं, भुताचं. कारकुनानं आपल्या जातीतल्या कारकुनाकडे पाहावं तसं सहानुभूतीनं पाहिलं आणि मनोरंजनाच्या टेबलाकडे पाठवलं. मनोरंजनाच्या टेबलानं विचारलं, तंबू कुठं लावणार? तंबू नाही म्हटल्यावर त्यांनी धार्मिककडे पाठवलं. धार्मिकनं विचारलं की भूत कोणत्या समाजाचं. हा प्रश्न प्रेमानंदनं स्वतःला दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. तो परत मनोरंजनाकडे आला, तोवर त्यांची जेवणाची सुट्टी झाली होती. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून त्यानं लोकांना असंच फिरवलेलं असल्यामुळे त्याला तक्रारही करता येईना.

"टेन्शन नक्को लेव सर," सुनीलकुमार म्हणाला. "कुणी हात लावणार न्हाई असं लावून देतो. ते माझ्यावर सोडा."

प्रेमानंदनं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीत बसला असताना साहेबांनी आत बोलावलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, तुमचे शेजारी गेले ना, राघोबा, बाजार समितीतले. तुम्ही इथं काय करताय? घरी जा.

सकाळी निघताना कट्टा रिकामा होता, हे प्रेमानंदला आठवलं. काकांना विचारायचं राहिलं ते आता कायमचंच. आणि त्या खऱ्या दुःखाच्या मागोमाग एक विचार आला: म्हणजे आता विचारावं लागणार नाही. विचार आला तसा गेला. पण आला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यानं बाजारातून झेंडूची मोठी माळ घेतली आणि चौकातल्या गर्दीतून न जाता मागच्या बोळातून घर गाठलं. कट्ट्यावर राघोबाकाका नुकतीच अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, जरीची टोपी घालून चुरमुऱ्याचा सुसला खात बसले होते. बसवेश्वराच्या देवळात काही कार्यक्रम होता, तिथं निघायच्या तयारीत होते.

प्रेमानंद माळ घेऊन उभा राहिला.

"माळ कुणाला रे?" राघोबांनी विचारलं.

खोटं बोलायला माणसाला थोडा वेळ लागतो. तो वेळ नसला की तोंडातून खरं निघतं. "तुम्हालाच, काका."

"आज काय हाय?"

आता मात्र वेळ मिळाला होता. "वाढदिवस न्हाई का तुमचा?"

आपला जन्म कधी झाला हे राघोबांना माहीत नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांसारखी शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक जून लावलेली होती, आणि जूनला अजून अवकाश होता. पण हार घेऊन दारात आलेल्या माणसाला तारखेवरून परत पाठवण्याएवढे ते निष्ठुर नव्हते. त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि मान पुढे केली.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी क्रूझर जीप थांबल्याचा आवाज आला आणि लगेच रडणं सुरू झालं. मयताच्या घरी जाताना बायका वळणापासूनच गळा काढतात. दारापर्यंत कोरड्या डोळ्यांनी जाणं बरं दिसत नाही. राघोबांनी ते ऐकलं. गल्लीत कुणीतरी गेलं असावं, असं समजून त्यांनी तोंड गंभीर केलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि स्तब्ध बसून राहिले.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. राघोबा लिंगायत. त्यांच्यात मयताला निजवत नाहीत, बसवतात. अंघोळ घालून, विभूती लावून, टोपी किंवा फेटा घालून, गळ्यात माळा घालून दारापुढं बसवतात, येणाऱ्यांना दर्शन घेता यावं म्हणून. निंबर्ग्याहून, म्हणजे राघोबांच्या भाऊबंदांच्या गावाहून, आलेल्या माणसांना बोळातून जे दिसलं ते त्यांना जसं दिसायला हवं होतं तसंच दिसलं. बाकी सगळं व्यवस्थित होतं. बाजूला सुसल्याची बशी होती, पण तिकडे कोण बघतो.

रडणं दारात आलं तशा सुशीलाबाई धावत बाहेर आल्या. समोरून जाऊ गळा काढत येतेय म्हटल्यावर विचारत बसायची पद्धत नाही. त्यांनी जावेच्या गळ्यात गळा घातला आणि तिच्या वरताण सूर लावला. कोण गेलं ते नंतर कळणारच होतं. नणंदही आली, तीही गळ्यात पडली. प्रेमानंद मध्ये उभा राहून काकू, काकू म्हणत होता, पण त्याचाही आवाज घोगरा झालेला असल्यामुळे लोक त्यालाच धीर द्यायला लागले.

मग जावेनं पुढे होऊन पायांवर डोकं ठेवलं. राघोबांना दुःखात पडलेल्या बाईची दया आली. ते मान न हलवता, खालच्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं गं, गंगव्वा?"

गंगव्वाची किंकाळी बसस्टँडपर्यंत ऐकू गेली असं म्हणतात. बायका एकमेकींवर पडत बोळाबाहेर पळाल्या, एकीची चप्पल उलटी होऊन कट्ट्याखाली राहिली, जीपचा ड्रायव्हर काय झालं ते न विचारता गाडीत बसून काचा लावू लागला. प्रेमानंद हे सगळं पाहत होता आणि, लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण त्याला हेवा वाटला. हीच ती किंकाळी. पण ती पुस्तकाच्या खात्यावर घेता येत नव्हती.

सगळे पळाले तरी एक जण जागचा हलला नव्हता. राघोबांचे थोरले भाऊ बंडेप्पा. हातात काठी, डोक्याला पटका. मंजुश्रीच्या, म्हणजे राघोबांच्या मुलीच्या लग्नात मानाचा फेटा आधी व्याह्याला बांधला आणि मग बंडेप्पांना, तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. बंडेप्पा भर मांडवात शपथ घेऊन गेले होते आणि तेव्हापासून त्यांनी ती पाळली होती. आता ते कट्ट्यापाशी आले, माळ घातलेल्या भावाकडे नीट बघितलं, त्याची पापणी लवेपर्यंत वाट पाहिली आणि कट्ट्यावर शेजारी बसले.

"तू मेल्याबिगर तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई म्हणलतो," ते म्हणाले. "ठेवलो. आता तुझं काय ते तू बघ."

राघोबांनी गळ्यातली माळ चाचपली. "मी काय करू अण्णा?"

"मला काय इचारतोस. मी माझं केलो."

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, त्यामुळे पुढं कुणाला काही सुचेना. सुशीलाबाईंनी डोळे पुसले, घरधनी जिवंत असल्याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि कुणीच मेलेलं नाही म्हटल्यावर चहा ठेवायला आत गेल्या.

मग बंडेप्पांनी मोबाइल काढला. चौकातल्या बॅनरचा फोटो कुणीतरी निंबर्ग्याला पाठवला होता. प्रेमानंदनं तो पहिल्यांदा पाहिला तो तिथं, काकांच्या कट्ट्यावर. काळ्या पार्श्वभूमीवर राघोबांचा चेहरा, जरीची टोपी, स्थिर नापसंती. दोन्ही बाजूंना तेवत्या समया. वर पुस्तकाच्या मलपृष्ठावरची ओळ, 'तो गेला. पण कुठं?' आणि एका कोपऱ्यात, 'आपला, प्रेमानंद.' पुस्तकाचं नाव सगळ्यात खाली छापलं होतं आणि त्यावर दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाचं बॅनर आलं होतं. समया का लावल्या, असं त्यानं तिथूनच सुनीलकुमारला फोन करून विचारलं. सुनीलकुमारला प्रश्नच कळला नाही. परवानगी नसलेलं बॅनर सकाळीच उतरवतात, पण मयताचं बॅनर कोण उतरवतंय, सर. समया बघून कामगार शिडी लावत नाहीत. अख्ख्या चौकात बिनपरवान्याचं तेवढं एकच बॅनर टिकलंय, असं तो अभिमानानं म्हणाला.

आता सगळे प्रेमानंदकडे बघत होते. बोळाबाहेर पळालेल्या बायकाही एकेक करून परतल्या होत्या. पुस्तक आणावं लागलं.

राघोबांनी चष्मा लावून पानं उलटायला सुरुवात केली. आपला चेहरा बघून त्यांनी आधी मान डोलावली. मग खाली नजर गेली.

"पाय उलटे कामून?"

राघोबांनी आणखी पानं उलटली. बसस्टँडवर, लगेजमध्ये, तुरीच्या पोत्यांवर, जिकडे तिकडे तेच. पुस्तक मिटून त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि अगदी शांत आवाजात सांगितलं की हे जाणार नाही. पुण्याला न्हाई, कुठंच न्हाई. तोंड काढ, मग ने.

तोंड काढलं तर पुस्तकात फक्त पाय उरत होते. मेळा तोंडावर आला होता, प्रती बांधून तयार होत्या. प्रेमानंदनं संध्याकडे पाहिलं. ती शाळेतून परत येऊन दारात उभी होती. तिनं 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. ते तिच्या न म्हणण्यात ऐकू येत होतं. सरुबाईनं तर सरळ सांगून टाकलं, "बराबर हाय राघोबाचं."

तोवर पुस्तक बंडेप्पांनी उचललं होतं. ज्या चित्रानं शपथ मोडायला लावली ते आधी बघू, असं पुटपुटत ते वाचत राहिले. कंडक्टरच्या पानाला एकदा नाकातून हसले. मग हसणं थांबलं. शेवटच्या पानावर ते बराच वेळ होते.

शेवटचं पान असं होतं. भूत गावी पोचतं. घरात टीव्ही चालू असतो, कुणी वर बघत नाही. ते बाहेर येऊन आपल्या कट्ट्यावर बसतं. सकाळ होते. येणारे जाणारे म्हणतात, "काय काका, बसलाव का?" आणि पुढं जातात. रोज. ते मेलंय हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

प्रेमानंद बंडेप्पांचा चेहरा निरखत होता. चेहऱ्यावर काहीतरी होतं. भीतीच्या शेजारचंच काहीतरी. पण भीती म्हणून ते लावून धरता आलं नसतं.

"राघू," बंडेप्पा म्हणाले, "बॅनर नसतं तर मला कळलं नसतं बघ. तू गेल्याचंबी, न् तू असल्याचंबी."

राघोबा रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावर नापसंत करण्यासारखं त्या वेळी काहीही नव्हतं. मग ते म्हणाले, "अण्णा, जेवून जा."

बंडेप्पा जेवले, राहिले, दुसऱ्या दिवशीही राहिले. फेट्याचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा भांडण झालं, पण ते एका ताटाशी बसून. जाताना बंडेप्पांनीच भावाला सांगितलं की तोंड राहू दे, तुझा यापेक्षा चांगला फोटो आजवर कुणी काढला नाही. राघोबांनी विचार केला आणि एक अट घातली. पुस्तक पुण्याला जाईल, पण ते स्वतः बरोबर जाणार. आपल्या तोंडाकडे बघून परगावची माणसं काय म्हणतात, ते त्यांना आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

पुण्यातल्या त्या हॉलमध्ये सगळे काळ्या कपड्यात होते. राघोबांना वाटलं, आयोजकांच्या घरात कुणी गेलंय. प्रेमानंदनं टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागावर पुस्तकं मांडली, त्यामागे राघोबांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. नागपूरच्या मुलीची आतडी भराभर खपत होती. राघोबांनी दोन चित्रं नीट पाहून तिला सांगितलं की ही बोकडाची आहेत, माणसाची एवढी साफ नसतात. तिनं ते लिहून घेतलं. दुपारपर्यंत दोघांचं चांगलंच जमलं होतं. घरून आणलेल्या शेंगाच्या पोळ्यांतली एक तिनं खाल्ली, दुसरी मागून घेतली.

प्रेमानंदच्या अर्ध्या भागापाशी मात्र कुणी थांबत नव्हतं. थांबले ते चाळून, हसून, 'क्यूट' म्हणून पुढं गेले. हा गोडचाच इंग्रजी नातेवाईक, हे त्याला कळत होतं.

उतरत्या दुपारी एक मुलगी आली. काळी लिपस्टिक, कानांत कवट्या, दंडावर कोळ्याचं जाळं. पहिली पानं चाळत तिनं सहज सांगितलं की ती भीतीच्या चित्रकथांवर लिहिते, शेकड्यांनी वाचल्यात आणि आता तिला कशाचंच काही वाटत नाही. कंडक्टरच्या पानाला ती मोठ्यानं हसली. मग उभ्यानंच वाचत राहिली. मान खाली, पान उलटलं, पुन्हा पान उलटलं.

मागे राघोबा दमले होते. सकाळपासून त्यांच्या तोंडाविषयी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या गर्दीकडे, पुण्याकडे, एकूणच सगळ्या प्रकाराकडे पापणी न लवता बघत बसले.

मुलीनं शेवटचं पान वाचलं. एकदा, मग पुन्हा. मग मान वर केली.

तिनं पुस्तकाकडे पाहिलं, प्रेमानंदच्या खांद्यावरून मागं पाहिलं, परत पुस्तकाकडे पाहिलं.

"तुमच्या मागे," ती म्हणाली, "ते बसलेत ते कोण?"

प्रेमानंद सरळमार्गी माणूस होता. शेजारी आहेत, राघोबाकाका, बाजार समितीतून निवृत्त, एवढं सांगणं त्याचं कर्तव्य होतं. तो वळला. खुर्चीकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग मुलीकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "कुठं? मागं कुणी न्हाई."

नागपूरच्या मुलीनं आतड्यांवरून मान वर केली, खुर्चीकडे नजर टाकली आणि म्हणाली, "ती खुर्ची सकाळपासून रिकामीच आहे."

राघोबाकाकांनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांची पापणी हलली नाही. काळ्या लिपस्टिकच्या कडेकडेनं त्या मुलीचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला आणि प्रेमानंद पोटभर बघत राहिला.